जागच्या जागी उडणारे

प्रस्तावना

जानेवारीतली दुपार, साडेतीनचा सुमार. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर, दीपगृहाच्या टेकडीवर, कड्याच्या काठापासून चार हात मागे मी बसलो आहे. डोळ्यांच्या रेषेत, फार तर वीस फुटांवर, एक कुरव, म्हणजे सीगल, आहे. नुसतं ‘आहे’ म्हणतो, कारण तो बसलेला नाही, आणि ‘उडतो आहे’ म्हणावं तर पंख हलत नाहीत. त्याच्या मागे लाटा सरकतायत, खाली मिरकरवाड्याच्या बंदराकडे निघालेली एक बोट सरकतेय. हा आहे तिथेच. घड्याळात पाहिलं तर पन्नास सेकंद झाले होते. मग त्याने डावा पंख किंचित खाली केला आणि पापणी लवेपर्यंत पार पलीकडच्या टोकाला गेला.

हे पुस्तक त्या पन्नास सेकंदांबद्दल आहे. पानं बरीच झाली, विषय तेवढाच आहे.

पक्ष्यांवरची पुस्तकं बहुधा ओळख पटवण्यासाठी असतात. चोच कशी, पाय कुठल्या रंगाचे, घरटं कुठे, अंडी किती. त्या पुस्तकांचं ऋण माझ्यावर आहे, आणि मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’मुळे मराठीत लिहिणाऱ्याची नावांची अडचणही पुष्कळ कमी झाली. पण ओळख पटली की माणूस पक्षी बघायचं थांबवतो, हे मी स्वतःवरून सांगतो. वहीत नाव लिहिलं की मान पुढच्या पक्ष्याकडे वळलीच. समुद्रकाठी मात्र माझी पंचाईत झाली. कड्यासमोर येणारे पक्षी पाच-सहा जातींचे, तेच ते, रोजचे. नावं संपली तरी बघणं संपेना. मग मी नावांऐवजी ते काय करतात हे लिहायला लागलो, आणि पाहता पाहता या वह्या साठल्या.

करतात काय, तर काहीच नाही. निदान तसं दिसतं. या काहीच न करण्याला मराठीत काय म्हणावं यावरच माझे कितीतरी दिवस गेले. ‘घिरट्या घालणं’ चालत नाही, त्यात चक्कर आली. ‘तरंगणं’ सगळे लिहितात, मीही आधी लिहीत होतो. पण तरंगतं ते ओंडक्यासारखं, पाणी नेईल तिकडे जाणारं. हा पक्षी नेमकं उलट करतो, वारा नेऊ पाहतो आणि हा जात नाही. ‘हवेत स्थिर राहणं’ हे शाळेच्या पुस्तकातलं. शेवटी मी ‘तोलणं’ या शब्दावर आलो. डोंबाऱ्याची पोर दोरीवर तोलते तसं. दोरीवरची पोर स्थिर दिसते तेव्हा तिच्या हातातली काठी, खांदे, पावलं, सगळं सतत थोडंथोडं हलत असतं. कुरवाचंही तसंच आहे. दोरी तेवढी दिसत नाही.

ही न दिसणारी दोरी कुठून येते, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीचे पाच रविवार मी सकाळी आठला कड्यावर जात होतो. पक्षीनिरीक्षण सकाळी करायचं हे डोक्यात पक्कं. कुरव खाली पाण्यावर बसलेले, पांढऱ्या ठिपक्यांसारखे. एखादा उठायचा, नेटाने पंख मारत बंदराकडे जायचा. मी दुर्बिणीला दोष दिला, मग चष्म्याला. बंदरावर जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं तेव्हा त्याने वर न बघताच सांगितलं, “मास्तर, सकाळचा वारा जमिनीचा. दुपारी या. आणि पाखराकडे नको, त्याच्या चोचीकडे बघा. चोच जिकडे, वारा तिकडून.”

खारे वारे आणि मतलई वारे पाचवी-सहावीत सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. रात्री याच्या उलट. दोन गुणांचा प्रश्न. मी स्वतः तो प्रश्न मुलांना वर्षानुवर्षं विचारला, पण कुरवाच्या पोटाखाली खारा वारा असतो हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सकाळी दहा-साडेदहापर्यंत मतलईचा अंमल असतो. तो कड्याच्या पाठीमागून येतो आणि समुद्राकडे उतरतो, त्याच्यावर कोण तोलणार? अकरा-बाराच्या पुढे वारा फिरतो, तीन-चारला भर येतो. पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यावर तो येऊन आदळला की त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर चढतो. तिथे पक्षी येतात. सूर्य कलला आणि वारा पडला की एकेक करून निघून जातात.

वर चढणारा वारा बघायचा असेल तर करवंदीचं एक वाळकं पान घ्या, कड्याच्या काठाशी जपून, पोटावर पालथं पडून, आणि हात पुढे करून ते सोडून द्या. पान खाली जात नाही. आधी थोडं पुढे गेल्यासारखं करतं, मग उसळून डोक्यावरून मागे सड्यावर, कड्यामागच्या कातळ पठारावर, येऊन पडतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा लहान मुलासारखा दहा-बारा पानं सोडत बसलो होतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी रत्नागिरीला यायचीही गरज नाही. पावसाळ्यात नाणेघाटात किंवा आंबोलीला कावळेसादच्या दरीवर जाऊन ज्यांनी उलटा धबधबा पाहिलाय, पाणी दरीत कोसळण्याऐवजी वर फेकलं जाऊन बघ्यांना भिजवतं ते, त्यांनी हाच वारा पाहिलेला आहे. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारेही डोंगराच्या धारेवर याच्याच जिवावर येरझाऱ्या घालतात.

आता थोडा हिशोब करू. शांत हवेत पंख न हलवता पुढे सरकणारा कोणताही पक्षी खाली येत असतो, त्यातून सुटका नाही. समजा एखादा कुरव सेकंदाला नऊ मीटर पुढे जातो आणि तेवढ्यात नव्वद सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे दहाला एक. समोरून येणारा वाराही सेकंदाला नऊ मीटरचा असेल, ताशी साधारण ३२ किलोमीटर, तर कुरव पुढे गेला तेवढाच मागे आला. आणि तो वारा त्याच वेळी सेकंदाला नव्वद सेंटिमीटर वर चढत असेल, तर कुरव खाली आला तेवढाच वर गेला. दोन्ही वजाबाक्यांचं उत्तर शून्य. आपल्याला दिसतो तो हा शून्य. पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर तो थांबलेलाच नाही, ताशी ३२ किलोमीटरने सरळ उतरत चाललाय, कड्यासमोरची हवा त्याला पोचू देत नाही इतकंच.

हे शून्य साधणं सोपं नाही, कारण वारा एका सेकंदासारखा दुसऱ्या सेकंदाला नसतो. जोर वाढला की कुरव पंख कोपरात दुमडून आखूड करतो, त्याचा इंग्रजी एम होतो आणि वेग वाढतो. जोर कमी झाला की पंख पूर्ण पसरतो, शेपटी पंख्यासारखी उघडतो. वर उचलणारा जोर नको इतका झाला तर पाय खाली सोडतो. हे पाय सोडणं मला सगळ्यांत आवडतं. एरवी पोटाच्या पिसांत लपवलेले ते लालसर, पडदे असलेले पाय तो असे काही लोंबकळू देतो की बैलगाडीचा गाडीवान उतारावर मागच्या लाकडावर पाय दाबतो त्याची आठवण यावी. कामही तेच, वेग मारायचा. कॉलिन पेनीक्विक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६० साली उत्तर अटलांटिकच्या कड्यांवरच्या फुलमार पक्ष्यांच्या उडण्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फुलमारही पाय असेच ब्रेकसारखे वापरतात हे मोजमापांसह दाखवलंय. ते वाचलं तेव्हा मला कोणीतरी आपल्या गावची गोष्ट सांगितल्यासारखं वाटलं.

कड्यावरून बघण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. पक्षी आपण नेहमी खालून बघतो, म्हणजे त्याचं पोट बघतो. इथे तो डोळ्यांसमोर किंवा थोडा खालीच असतो, त्यामुळे पाठ दिसते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात तपकिरी नसतंच, पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळसर डाग तेवढा राहतो. चोच लाल, टोकाला काळी. डोळा फिकट, थोडा रागीट. पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात आरशासारखे पांढरे ठिपके. पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटापाशी, अंगठ्याच्या पिसांचा म्हणून एक लहानसा झुबका असतो. वेग फार कमी झाला की तो वर उठतो. आणि कधीकधी, वारा एकदम पडला की, पाठीवरची, पंखांवरची बारीक पिसं उलट्या बाजूने फुलतात, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तशी. पंखावरून नीट वाहणारी हवा तिथे सुटली, असा त्याचा अर्थ. पुढच्याच क्षणी पक्षी चोच खाली करून वेग घेतो आणि पिसं बसतात. वारा कसा दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी त्या पिसांकडे बोट दाखवीन.

या कोड्याने शहाण्यासुरत्या माणसांनाही छळलंय. पंख न हलवता पक्षी वर कसा राहतो, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा विषय होता. १८८३ साली लॉर्ड रॅले यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटंसं पत्र लिहून तो जवळजवळ मिटवला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की पंख न हलवता पक्षी खाली येत नसेल तर तीनपैकी एक गोष्ट असलीच पाहिजे: त्याचा मार्ग सपाट नसेल, वारा सपाट नसेल, किंवा वारा सगळीकडे सारखा नसेल. कड्यासमोरचा कुरव हा यातला दुसरा प्रकार, लाटांवरून भटकणारा अल्बट्रॉस हा तिसरा. पत्र एवढुसं आहे, आणि अख्खा विषय त्यात बसतो. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ सुरू झाली.

आपल्याकडे या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो आग्र्याच्या एका सरकारी रसायनतज्ज्ञाने. अर्नेस्ट हॅन्किन हे गंगेच्या पाण्यावर आणि कॉलऱ्यावर काम केलेले जंतुशास्त्रज्ञ. पण फावल्या वेळात, आणि मला वाटतं थोड्या कामाच्या वेळातही, ते गच्चीवरून घारी आणि गिधाडं बघत. सकाळी हवा कधी तोलण्याजोगी होते, घारी आधी वर जातात की गिधाडं, ढग आला तर काय होतं, याच्या नोंदींचं त्यांचं पुस्तक १९१३ साली निघालं. घारी आधी वर जातात, गिधाडं मागाहून, कारण ती जड. स्पष्टीकरणं द्यायला गेले तिथे हॅन्किन बरेचदा चुकले. नोंदी मात्र आजही वाचाव्यात अशा आहेत, कारण त्यांनी आधी पाहिलं आणि मग विचार केला. माझ्या वह्यांपुढे नमुना म्हणून कुणी असेल तर तो हा गृहस्थ.

आणि राइट बंधू. त्यांचं १९०३चं विमान सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी किटी हॉकच्या वाळूत हे दोघे भाऊ तासन् तास समुद्रपक्ष्यांकडे बघत उभे राहायचे आणि आपल्या हातांनी त्यांच्या पंखांची नक्कल करायचे, तिथल्या लोकांना ते वेडे वाटायचे. आठ वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९११ला, ऑर्व्हिल राइट पुन्हा तिथे गेला. या खेपेला त्याच्याकडे इंजिन नव्हतं, होतं नुसतं ग्लायडर. सोसाट्याच्या वाऱ्यात वाळूच्या टेकडीसमोर तो ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला, बराचसा वेळ जवळजवळ एकाच जागी. तो विक्रम सुमारे दहा वर्षं टिकला. इंजिनाने आकाश जिंकून झाल्यावर माणूस पुन्हा कुरवाकडे शिकायला जातो, ही गोष्ट मला १९०३च्या त्या उड्डाणाहून मोठी वाटते. माझं हे मत कुणाला पटत नाही.

इथे एक घोळ आधीच निस्तरून टाकतो, नाहीतर पुस्तकभर आड येईल. खाडीत लहान सुरय पाण्यावर एका जागी थांबतो, खाली मासा हेरतो आणि सुरीसारखा पडतो. तो जागच्या जागी असतो, पण भराभर पंख मारून. कवड्या धीवरही तसाच, त्याला वारा नसला तरी चालतं. ही मेहनत आहे, फार महागाची, म्हणून ती काही सेकंदांपुरतीच. कुरवाचं, ब्राह्मणी घारीचं, काकणाचं, म्हणजे समुद्री गरुडाचं, तोलणं फुकटातलं. आणि या दोहोंच्या मधला खरूची, हा छोटा ससाणा. हिवाळ्यात आमच्या सड्यांवरच्या वाळल्या गवतावर तो येतो, वाऱ्याकडे तोंड करतो, कधी पंख फडफडवतो कधी नुसता पसरतो, आणि धड वरखाली होत असताना डोकं मात्र काही मिलिमीटरांपलीकडे हलू देत नाही. गवतातला टोळ शोधायचा तर डोकं हलून कसं चालेल? खरूची समुद्रपक्षी नाही हे मला माहीत आहे. तरी त्याला एक प्रकरण दिलंय. सड्यावरून समुद्र दिसतो, एवढं कारण पुरे.

सर्वांत जास्त लोक कुरव बघतात ते मात्र कड्यावरून नव्हे, गेटवेवरून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचवरून. कठड्याजवळ, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर कुरव अधांतरी थांबलेले असतात आणि मंडळी त्यांना गाठ्या भरवत असतात. हे थांबणं थोडं फसवं आहे. लाँच पुढे जातेय, पक्षीही तेवढ्याच वेगाने जातोय, आणि आपल्याला वाटतं तो आपल्यासाठी थांबलाय. फोटो छान येतात. पण तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांवरून, मध्य आशियातून आलेल्या पक्ष्याला तेलकट-खारट बेसन भरवण्यात कसलं प्रेम आहे ते मला समजत नाही. गाठ्या आपण खाव्यात, चहाबरोबर. कुरवाला खाली आख्खा समुद्र आहे.

या वह्यांतली सर्वांत मोठी हळहळ ऋतूंची आहे. वारा खरा जोरात असतो तो मृगापासून श्रावणापर्यंत. तेव्हा कड्यासमोर माणूसही तोलावा इतकी उचल असते. आणि तेव्हा कुरव नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले थवे मार्च-एप्रिलपर्यंत उत्तरेला गेलेले असतात, त्यांच्या विणीच्या तळ्यांवर. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी काठावर ओढून ताडपत्रीखाली, बंदर मुकं. अशा वेळी त्या प्रचंड वाऱ्यावर तोलायला उरतात ब्राह्मणी घारी आणि एखादी काकण, सहा-साडेसहा फूट पंखांची, पोटाने पांढरीशुभ्र, पावसाच्या सरीत मिसळून जाणारी. दूर वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर सुरय पावसाळ्यात वीण करतात, पण तेव्हा तिथे बोट कोण नेणार? कधी वादळात भर समुद्रातला एखादा बूबी नाहीतर फ्रिगेट पक्षी भरकटत किनाऱ्याला लागतो, थकून वाळूत बसलेला सापडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याला मी पाहणं म्हणत नाही. तो पक्षी हरलेला असतो.

पुस्तकाची मांडणी तारखांप्रमाणे आहे, आणि मधूनमधून ती मोडलेली आहे. काही दिवशी पक्ष्यांबद्दल एक ओळ आणि वाऱ्याबद्दल पानभर मजकूर आहे, ते तसंच ठेवलंय. आकृत्या मी काढल्यात, वाईट आहेत. बाणाची दिशा मात्र प्रत्येक ठिकाणी तपासून घेतलीय. रत्नागिरीखेरीज देवगड, विजयदुर्ग, हरिहरेश्वर इथल्या थोड्या नोंदी आहेत आणि गोव्यातल्या काबो द रामाच्या किल्ल्यावरच्या दोन दुपारी. वाचून कुणाला जावंसं वाटलं तर तीननंतर जा, टोपीला दोरी बांधा आणि काठापासून मागे राहा. वारा कड्याखालून वर येतो, त्याच्यावर रेलून उभं राहण्याचा मोह होतो, आणि हा वारा न सांगता पडतो.

शेवटच्या वहीतली शेवटची नोंद एप्रिलची आहे. वारा उत्तम, कुरव एकही नाही, असं लिहून मी वही मिटली होती. तेवढ्यात खालच्या झाडीतून एक कावळा आला. साधा, गावठी, बंदरावर मासळीच्या टोपल्यांत चोच घालणारा. काठावरच्या दगडावर बसला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पंख उघडले. वाऱ्याने त्याला दगडावरून हातभर वर उचललं. तो तसाच राहिला, वाकडातिकडा, डावा पंख उजव्याहून वर, चार-पाच सेकंद. मग तोल गेला, काव काव करत मागे फेकला गेला, आणि वळून परत त्याच दगडावर येऊन बसला. खायला तिथे काही नव्हतं, मी नीट पाहिलं. त्याने पुन्हा पंख उघडले. मी वही उघडली, आणि अंधार पडेपर्यंत तो किती वेळा उठला त्याच्या रेघा मारत बसलो.